औलीला बर्फ असेल का? नागपूरहून निघण्याआधी अंदाज कसा वाचायचा

दिवाळी सरली की आमच्या ऑफिसात कुणीतरी हा प्रश्न घेऊन येतंच. यंदा शेजारच्या टेबलावरचा तरुण सहकारी आला. फेब्रुवारीत औलीला जाऊन स्कीइंगचा सात दिवसांचा कोर्स करायचं त्याच्या मनात आहे. मोबाइल पुढे करून म्हणाला, "दादा, यात तर रोज बर्फाचं चित्र दाखवून राहिलं. पण खरंच बर्फ राहीन ना तिथं?"

त्याची अडचण खरी आहे. रेल्वेचं आरक्षण प्रवासाच्या ६० दिवस आधी उघडतं आणि दिल्लीच्या गाड्यांना उशीर केला की वेटिंग हाती येतं. हवामानाचा भरवशाचा अंदाज मात्र चार-पाच दिवसांपलीकडे जात नाही. मधल्या पंचावन्न दिवसांचं काय करायचं, हा खरा पेच. तो बऱ्यापैकी सोडवता येतो, पण त्यासाठी डोंगरात बर्फ पडतो कसा, पडल्यावर त्याचं काय होतं आणि अंदाज वर्तवणारा नेमकं काय सांगत असतो, हे थोडं समजून घ्यावं लागतं.

मी पहिल्यांदा गेलो तेव्हा यातलं काहीच ठाऊक नव्हतं. डिसेंबरचा शेवटचा आठवडा होता. फोनवर सलग तीन दिवस बर्फाचं चित्र होतं. रेल्वे, मग बस, मग जीप असं करत वर पोचलो, तर उतारावर वाळकं पिवळं गवत आणि झाडांच्या सावलीत पांढरी ठिगळं. मुलीसाठी हौसेने घेतलेले हातमोजे बॅगेतून बाहेरही निघाले नाहीत. तेव्हापासून दर हिवाळ्यात मी हे अंदाज मन लावून वाचतो. त्यातून जे कळलं ते इथे मांडतो आहे.

बर्फ आणणारा पाहुणा आपल्याही ओळखीचा आहे

औली उत्तराखंडच्या चमोली जिल्ह्यात, जोशीमठच्या वर, साधारण २,५०० ते ३,००० मीटर उंचीवर आहे. तिथला हिवाळी बर्फ आणतात ते पश्चिमी विक्षोभ. हे शब्द नागपूरकराने बातम्यांत शंभरदा ऐकलेले असतात. भूमध्य समुद्राच्या बाजूला तयार झालेल्या या कमी दाबाच्या प्रणाली वरच्या थरांतल्या वेगवान पश्चिमी वाऱ्यांवर स्वार होऊन इराण, अफगाणिस्तान, पाकिस्तान असा प्रवास करत हिमालयाला येऊन धडकतात. वाटेत कॅस्पियनकडची, अरबी समुद्रातली वाफ त्यांच्यात भर घालते. हिवाळ्यात महिन्याला साधारण चार ते सहा विक्षोभ येतात, पण सगळे सारख्या ताकदीचे नसतात.

शिवाय प्रत्येकाची वाट वेगळी. बरेच विक्षोभ उत्तरेकडून सरकतात. काश्मीर आणि हिमाचलला ते भरभरून देतात, आणि उत्तराखंडपर्यंत येईतो त्यांची झोळी रिकामी झालेली असते. म्हणून 'हिमालयात जोरदार हिमवृष्टी' हा मथळा वाचून औलीची बॅग भरू नये. गुलमर्ग पांढरंशुभ्र आणि औलीत नुसतं ढगाळ, असं पुष्कळदा होतं. काश्मीरचंही दरवर्षी जमतंच असं नाही. २०२५ च्या फेब्रुवारीत गुलमर्गला व्हायच्या खेलो इंडिया हिवाळी स्पर्धा बर्फाअभावी पुढे ढकलून मार्चमध्ये घ्याव्या लागल्या.

हाच विक्षोभ आपल्या दारातही येतो, फक्त वेगळ्या रूपात. तो पुढे सरकला की मागून उत्तरेची कोरडी, गार हवा मध्य भारतात उतरते आणि नागपूरचा पारा घसरतो. २९ डिसेंबर २०१८ ला नागपुरात ३.५ अंशांची नोंद झाली, तेव्हाही ही उत्तरेची हवाच आपल्यावर उतरली होती. आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये विक्षोभाची वरची थंड हवा आणि समुद्राकडून आलेली दमट हवा विदर्भावर एकत्र आली की गारपीट होते. काटोल-नरखेडच्या बागाईतदाराला हे सांगायची गरज नाही. मृग बहाराची संत्री झाडावर आणि आंबिया बहार नुकताच धरलेला, अशा नेमक्या दिवसांत गारा येतात. ज्या प्रणालीची औलीचा स्कीइंग शिक्षक वाट पाहत असतो, तिचीच आपल्याकडचा शेतकरी धास्ती घेतो. हे एकदा लक्षात आलं की मी तरी 'बर्फ पडू दे' असं सहज म्हणू शकत नाही.

हजार मीटरला साडेसहा अंश

आता मोबाइलवरच्या चित्राकडे येऊ. अॅपमध्ये आपण 'जोशीमठ' किंवा 'औली' टाइप करतो आणि एक आकडा मिळतो. तो आकडा कोणत्या उंचीचा आहे, हा पहिला प्रश्न विचारायला हवा.

हवामानाची मॉडेल्स पृथ्वीवर जाळी टाकतात आणि जाळीच्या एकेका चौकोनासाठी गणित करतात. जागतिक मॉडेल्सचे चौकोन साधारण नऊ ते बारा किलोमीटर बाजूचे असतात. भारतीय हवामान विभागाने मे २०२५ मध्ये सुरू केलेल्या भारत फोरकास्ट सिस्टिमचा चौकोन सहा किलोमीटरचा आहे. नागपुरात याने फारसं बिघडत नाही. सीताबर्डीपासून नऊ किलोमीटर कुठल्याही दिशेने गेलात तरी उंची तीनशे-सव्वातीनशे मीटरच्या आसपासच राहते. औलीजवळ मात्र तेवढ्याच चौकोनात तळाशी नदीची खोल दरी आहे, मध्ये १,९०० मीटरच्या आसपास जोशीमठ, आणि त्यावर औलीचा उतार नि बुग्याळं, म्हणजे उंचावरची गवताळ कुरणं. मॉडेल या सगळ्याची सरासरी काढून एकच गुळगुळीत टेकाड धरतं. आपल्याला दिसणारं तापमान त्या काल्पनिक टेकाडाचं असतं.

दुरुस्ती सोपी आहे. वर जाताना हवा सरासरी दर हजार मीटरला साडेसहा अंशांनी गार होते. जोशीमठला दुपारी ८ अंश असतील, तर हजार मीटर वर औलीच्या माथ्यावर साधारण दीड अंश असेल. म्हणून अॅपवर 'पाऊस' दिसला तरी वर बर्फ पडत असू शकतो, आणि 'बर्फ' दिसला तरी खालच्या टप्प्यात पाऊस असू शकतो. डोंगरांसाठीच्या काही सेवा पायथा, मध्य आणि माथा असा तीन उंचींचा वेगवेगळा अंदाज देतात. तसा मिळत असेल तर तोच पाहावा.

त्याहून कामाची गोष्ट म्हणजे शून्य अंशाची उंची. हवेतलं तापमान कितीव्या मीटरवर शून्याला टेकतं, ते हा आकडा सांगतो. पडणारा हिमकण शून्याच्या रेषेखाली आला की लगेच वितळत नाही, आणखी दोन-तीनशे मीटर तग धरतो. तेव्हा शून्याची उंची २,८०० मीटर सांगितली असेल, तर बर्फ साधारण २,५०० पर्यंत मिळेल आणि औलीचा बहुतेक उतार वाचेल. ती ३,३०० असेल, तर औलीत छत्री लागेल. छोट्या ठिकाणाचं दुखणं हेच. उतार पाच-सहाशे मीटरांच्या पट्ट्यातच आहे, त्यामुळे ही रेषा थोडी जरी वर सरकली तरी सगळा खेळ उलटतो. गुलमर्गला गोंडोलाने, म्हणजे तिथल्या रोपवेने, जवळपास ३,९०० मीटरच्या पुढे जाता येतं. खाली पाऊस असला तरी वर बर्फ सापडण्याची सोय तिथे आहे, औलीला नाही.

कूलर समजला की बर्फ समजला

यातला सगळ्यात रोचक भाग नागपूरकराला कुणाहीपेक्षा लवकर कळेल, कारण तो आपण दर उन्हाळ्यात घरात बसून अनुभवतो.

मे महिन्यात बाहेर ४४ अंश असतात आणि हवा कोरडी ठक्क. कूलरच्या ओल्या ताट्यांतून वारा आला की खोली गार होते. पाण्याची वाफ व्हायला उष्णता लागते, ती त्या हवेतूनच खेचली जाते. जुलैत पाऊस सुरू झाला की तोच कूलर, तेच पाणी, पण खोलीत नुसती चिकचिक. हवा आधीच ओली असल्याने वाफ होत नाही. म्हणजे कूलर किती गार करू शकेल याला एक तळ असतो आणि तो तळ हवेच्या कोरडेपणावर ठरतो. ४४ अंश आणि १५ टक्के आर्द्रता असेल तर हा तळ २३ अंशांच्या आसपास येतो. हवामानशास्त्रात त्याला ओल्या फडक्याचं तापमान म्हणता येईल: तापमापकाच्या फुग्याला ओलं फडकं गुंडाळून वारा घातला की जो आकडा दिसतो, तो.

हिमकणाचंही हेच होतं. तो कोरड्या हवेतून खाली येताना त्याच्या अंगातून थोडी वाफ उडते आणि भोवतालची हवा गार होते. त्यामुळे तापमापक २ अंश दाखवत असताना हवा निम्मी कोरडी असेल, तर ओल्या फडक्याचं तापमान शून्याच्या खाली दीड-दोन अंशांवर असतं आणि बर्फ सुखरूप जमिनीवर पोचतो. उलट १ अंश आणि हवा पूर्ण दमट, अशा दिवशी चिखलासारखा रबरबीत बर्फ पडतो नाहीतर सरळ पाऊस येतो. म्हणून अंदाज वाचताना तापमानाशेजारची आर्द्रता मी कधीच सोडत नाही.

कृत्रिम बर्फाचंही गणित हेच. जानेवारी २०११ मध्ये डेहराडून आणि औलीला पहिल्या दक्षिण आशियाई हिवाळी स्पर्धा झाल्या, त्यांच्यासाठी औलीत स्नो गन बसवल्या गेल्या. या तोफा पाण्याचे बारीक तुषार हवेत उडवतात आणि ते खाली येईपर्यंत गोठतात. पण त्यासाठी ओल्या फडक्याचं तापमान उणे दोनच्या आसपास किंवा त्याखाली लागतं. म्हणजे नुसती थंडी पुरत नाही, कोरडी थंडी लागते, शिवाय पाणी आणि वीज लागते. 'तिथे मशीन आहे, बर्फ असणारच' असं सांगणाऱ्या एजंटला एवढंच विचारा की गेल्या हिवाळ्यात ती किती रात्री चालली.

'तुरळक ठिकाणी' म्हणजे किती ठिकाणी

उत्तराखंडचा अंदाज हवामान विभागाचं डेहराडूनचं केंद्र देतं, जसा विदर्भाचा आपल्या इथलं नागपूरचं प्रादेशिक केंद्र देतं. त्यातली भाषा ढोबळ वाटते, पण प्रत्येक शब्दाला माप आहे. 'तुरळक ठिकाणी' म्हणजे त्या भागातल्या २५ टक्क्यांपर्यंत केंद्रांवर. 'काही ठिकाणी' म्हणजे ५० टक्क्यांपर्यंत, 'बऱ्याच ठिकाणी' म्हणजे ७५ पर्यंत आणि 'बहुतेक ठिकाणी' त्याच्या वर. चमोलीत तुरळक ठिकाणी हिमवृष्टी, असं लिहिलं असेल तर ती बद्रीनाथच्या वरच्या कड्यांवर पडून औली कोरडीच राहण्याची शक्यता मोठी आहे. 'बऱ्याच ठिकाणी' आलं की मी कान टवकारतो.

रंगांचंही तसंच. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे कृती करा. नारिंगी इशारा पाहून आपल्याकडचे हौशी पर्यटक खूश होतात, कारण भरपूर बर्फ. पण तो इशारा रस्ता बंद होण्याचा, वीज जाण्याचा आणि अडकून पडण्याचाही असतो. हृषीकेशहून जोशीमठ अडीचशे किलोमीटर आहे आणि सगळा रस्ता डोंगरातला. हिमस्खलनाचा इशारा वेगळा असतो. चंडीगढची संरक्षण खात्याची संस्था, डीजीआरई, तो देते. मुख्य उतार सोडून वरच्या बुग्याळांकडे चालत जायचं असेल तर तो पाहिल्याशिवाय पाऊल टाकू नये. ताज्या, जोरदार हिमवृष्टीनंतरचा पहिला एक-दीड दिवस सगळ्यात धोक्याचा असतो, आणि नेमकं तेव्हाच ऊन पडून सगळं सुंदर दिसत असतं.

आणखी एक. एकाच केंद्राच्या एकाच आकड्यावर विश्वास ठेवू नका. ३० मे २०२४ ला नागपुरातल्या एका स्वयंचलित केंद्रावर ५६ अंश दिसले होते आणि देशभर बातमी झाली. नंतर सेन्सरचा दोष असल्याचं हवामान विभागाने स्पष्ट केलं. डोंगरातल्या यंत्रांवर तर बर्फ साचतो, वारा कण उडवून नेतो. तिथे आकडा चुकायला कारणं जास्त आहेत.

पडला, पण टिकला का?

आपल्या मराठीत गोळेवाल्याच्या गाडीवरचाही बर्फच आणि आकाशातून पडतो तोही बर्फच. स्कीइंग करणाऱ्याला मात्र हा फरक जिवाभावाचा असतो. 'औलीत बर्फ आहे' हे वाक्य त्याच्या दृष्टीने अर्धवट आहे. कसला बर्फ, हे कळायला हवं.

ताजा, कोरडा बर्फ म्हणजे पावडर. तो इतका हलका असतो की पंधरा-वीस सेंटिमीटरचा थर वितळवला तर जेमतेम एक सेंटिमीटर पाणी निघतं. ओल्या बर्फाचा पाच सेंटिमीटरचा थरही तेवढंच पाणी देतो. अंदाजात '१० मिलिमीटर' असं लिहिलेलं असतं तेव्हा ते पाण्याचं माप असतं. सर्वसाधारण हिशोब एका मिलिमीटरला एक सेंटिमीटर बर्फ असा धरायचा, थंडी कडक असेल तर जास्त, शून्याजवळ असेल तर कमी.

पडल्यापासूनच तो बदलू लागतो. नाजूक कण मोडतात, एकमेकांत रुततात, थर बसतो. सोमवारी वीस आणि मंगळवारी पंधरा सेंटिमीटर पडला तरी बुधवारी पट्टी पस्तीस दाखवत नाही. मग ऊन येतं. दुपारी वरचा थर पाणावतो, रात्री गोठतो आणि सकाळी उतारावर काचेसारखी कडक साय. निरभ्र रात्री तर बर्फाचा पृष्ठभाग हवेपेक्षाही काही अंशांनी गार होतो, कारण तो आपली उष्णता मोकळ्या आकाशाला देऊन टाकतो. आपल्याकडे डिसेंबरात उघड्यावर लावलेल्या स्कूटरची सीट सकाळी दवाने चिंब असते आणि छपराखालची कोरडी, त्याच्यामागे हेच कारण. ढगाळ रात्र असेल तर ही साय पातळ राहते.

म्हणून नव्या माणसाने उठल्या उठल्या उतारावर धाव घेऊ नये. दुसऱ्या खेपेला आमच्या शिक्षकाने सकाळी साडेनऊपर्यंत आम्हाला खालीच बसवून ठेवलं. मला तो वेळकाढूपणा वाटला. दहा वाजता त्याने टाच आपटून दाखवली. तासापूर्वी टणक वाजणारा उतार आता जेमतेम बोटभर मऊ झाला होता, आणि पडलो तरी लागत नव्हतं. दोननंतर तोच उतार इतका रबरबीत झाला की स्की रुतायला लागल्या, गुडघ्यावर ताण यायला लागला. मधले चार तास ते खरे. आदल्या रात्री उतार दाबून सारखा करणारा स्नो बीटर फिरला असेल, तर हे तास वाढतात. उन्हाकडे तोंड केलेला उतार लवकर खराब होतो, उत्तरेकडे तोंड असलेला बर्फ राखून ठेवतो.

किती खोल बर्फ पुरतो? औलीचा उतार मुळात गवताळ आहे. खडकाळ डोंगरापेक्षा तिथे कमी बर्फावर भागतं. शिकणाऱ्यासाठी साधारण फूटभर दाबलेला बर्फ असला की काम होतं. सैल बर्फाचा फूट धरू नका, तो दाबल्यावर चार बोटं उरतो.

मग तिकीट कधीचं काढायचं

साठ दिवस आधी अंदाज नसतो, पण अनुभव असतो. औलीसाठी जानेवारीचा शेवट ते फेब्रुवारीचा शेवट हा काळ मला सगळ्यात भरवशाचा वाटतो. तोवर तीन-चार चांगले विक्षोभ येऊन गेलेले असण्याची शक्यता असते, जमीन गोठलेली असते, आणि खालचा थर तयार असला की थोडा नवा बर्फही पुरतो. नाताळच्या सुट्टीत जाणं म्हणजे एखाद्या लवकर आलेल्या विक्षोभावर सगळं सोपवणं. मुलांच्या शाळेमुळे तेव्हाच जाता येत असेल, तर स्कीइंग मनात न धरता नंदादेवी पाहायला जा. ते शिखर बर्फाच्या अंदाजावर अवलंबून नाही.

पंधरा दिवस आधी जे रोजचे अंदाज दिसतात त्यातलं एकेक चित्र पाहू नका. त्या आठवड्यात एकही विक्षोभ येण्याचा कल दिसतो का, एवढंच पाहा. पाच दिवस उरले की वेगवेगळ्या मॉडेल्सचे अंदाज शेजारी ठेवा. ते एकमेकांशी जुळत असतील तर विश्वास वाढवा. एक तीस सेंटिमीटर म्हणतं आणि दुसरं शून्य, तर त्याचा अर्थ पंधरा असा होत नाही. विक्षोभाची वाट अजून ठरलेली नाही, असा होतो. दोन-तीन दिवस आधी हवामान विभागाच्या संकेतस्थळावर इन्सॅटचं उपग्रह चित्र उघडा. इराण-अफगाणिस्तानवर ढगांचा पट्टा दिसत असेल तर तो तुमच्याबरोबरच औलीला पोचण्याची शक्यता आहे.

सहकाऱ्याला मी फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्याचं तिकीट काढायला सांगितलं, आणि परतीच्या तिकिटाआधी दोन मोकळे दिवस ठेवायला. बर्फ उशिरा आला तर ते उपयोगी पडतील, जास्त आला आणि रस्ता बंद झाला तरीही. जोशीमठ-औली रोपवे जानेवारी २०२३ मध्ये, जोशीमठच्या घरांना तडे गेले तेव्हा बंद झाला. म्हणून वर जायची सोय काय आहे, हेही निघण्याआधी विचारून घ्यायचं.

निघायच्या आदल्या दिवशी तिथल्या लॉजवाल्याला फोन करायचा आहे. "बर्फ आहे का?" असं विचारलं तर तो हो म्हणेल. त्याऐवजी तीन गोष्टी विचारायला मी सहकाऱ्याला लिहून दिल्या आहेत: शेवटचा बर्फ कोणत्या तारखेला पडला, आज सकाळी दहा वाजता उतारावर स्कीइंग चालू होतं का, आणि खालच्या टप्प्यात गवत दिसतंय का.